हार्वेस्टर घ्यायचा, भाड्यानं आणायचा की गुत्त्यानं द्यायचं? खळ्यापासूनचा जुना हिशोब



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरात वाद झाला. घरात बैल राहिले नाहीत, मातीचे बैल पुजले, पुरणपोळी खाल्ली. दुसऱ्या दिवशी पोरानं मोबाईल पुढं केला. त्यात हार्वेस्टरचं कोटेशन. पंचवीस लाखाच्या आसपास. "बाबा, दरवर्षी आपण एजंटाच्या मागं फिरतो. आपलंच मशीन घेऊ. आपलं बी निघंल, गावाचं बी निघंल." तारण काय, तर आपली चौदा एकर. सातबाऱ्यावर बोजा.

मी लगेच नाही म्हणालो नाही. पोरगा चुकीचं बोलत नव्हता. पण मला आठवलं की हाच प्रश्न आमच्या दादांपुढं (वडिलांना आम्ही दादा म्हणायचो) हडंब्याच्या वेळेला आला होता, आणि आज्यापुढं वेगळ्या रूपात. मग चार-आठ दिवस जुनं आठवलं, थोडं वाचलं, कृषी विद्यापीठातल्या ओळखीच्या एका सरांना फोन करून विचारलं. ते सगळं इथं लिहितोय. लांबलंय, पण सोयाबीन काढायला अजून महिना आहे. निवांत वाचा.

आज्याच्या काळात काढणीचं यंत्र म्हणजे विळा, बैल आणि वारा. ज्वारी काढायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची. खळं चोपून शेणानं सारवायचं, मधी मेढ रोवायची, मेढीला बैलांची पात जुंपायची आणि तोंडाला मुसक्या घालून गोल गोल फिरवायची. मग तिवईवर उभं राहून उफणायचं. वारा पडला की बसून राहायचं. पंधरा-वीस दिवस माणूस खळ्यावरच झोपायचा.

ह्यात रोख पैसा जवळजवळ नव्हता. काढणाऱ्याला पेंढ्या किंवा कणसं मिळायची, बलुतेदाराचा वाटा खळ्यावर मोजला जायचा. आणि ज्याच्याकडं एकच बैल, तो दुसऱ्या एका बैलवाल्याबरोबर सावड करायचा. आज तुझं, उद्या माझं. मोठं काम असलं तर इर्जिक, सगळा गाव औतं घेऊन यायचा आणि जेवण घरधन्याकडं. म्हणजे घ्यायचं की भाड्यानं आणायचं हा प्रश्न तवाही होता, फक्त यंत्राच्या जागी बैल होता. अर्ध्या गावाला बैलजोडी परवडत नव्हती, म्हणून सावड निघाली. लोक म्हणतात आपले पूर्वज प्रेमानं राहायचे. राहत असतील. पण सावड प्रेमापोटी नव्हती, हिशोबापोटी होती. सावडीत कुणाचं आधी निघायचं ह्यावरून झालेली भांडणं आजा रंगवून सांगायचा.

आता जरा लांब जाऊ, अमेरिकेला. कारण हा हिशोब कागदावर मांडून ठेवलेला तिथं सापडतो.

सायरस मॅकॉर्मिक नावाच्या माणसानं १८३१ साली व्हर्जिनियात घोड्यानं ओढायचं गहू कापणीचं यंत्र शेतात चालवून दाखवलं. १८३४ ला पेटंट घेतलं, १८४७ ला शिकागोत कारखाना टाकला. यंत्र उधारीवर द्यायचा, थोडे पैसे आधी आणि बाकीचे सुगी झाल्यावर. आजच्या शोरूमवाल्यानं काही नवीन शोधलेलं नाही. पण गंमत अशी, की पेटंटनंतर वीस वर्षं तरी यंत्राचा खप बेताचाच राहिला आणि १८५० नंतर एकदम वाढला. असं का झालं?

पॉल डेव्हिड नावाच्या अर्थशास्त्राच्या अभ्यासकानं १९६६ साली ह्याचा हिशोब मांडला. यंत्राचा वर्षाचा खर्च एका बाजूला आणि वाचलेली मजुरी दुसऱ्या बाजूला. कमीत कमी किती एकर गहू असला तर यंत्र घेणं परवडतं? १८५० च्या आसपास उत्तर आलं साडेशेहेचाळीस एकर. पुढं मजुरी वाढली आणि चार-पाच वर्षांत तो आकडा पस्तीसवर आला. बऱ्याच शेतकऱ्यांकडं एवढा गहू नव्हता, म्हणून आधी यंत्र खपलं नाही, असं त्यांचं म्हणणं.

सरांनी पुढचं सांगितलं ते जास्त महत्त्वाचं. १९७५ साली ॲलन ओल्मस्टेड नावाच्या दुसऱ्या अभ्यासकानं ह्याला आडवं लावलं. तो म्हणाला, तुम्ही धरून चाललात की प्रत्येक शेतकऱ्यानं आपलं यंत्र आपल्याच रानात चालवलं. तसं नव्हतं. शेजारी-शेजारी मिळून यंत्र घेत होते, आणि घेतलेला माणूस दुसऱ्याचं रान पैसे घेऊन कापून देत होता. मग कमीत कमी एकराचा आकडा एका माणसाच्या सातबाऱ्याला लावायचाच कशाला?

हे ऐकून मला आज्याची सावड आठवली. तिकडं मळणीच्या वाफेच्या यंत्रांनासुद्धा पुढं असंच चाललं. आठ-दहा घरं मिळून एक मंडळ करायचे, यंत्र सामाईक घ्यायचे नाहीतर भाड्यानं आणायचे, आणि माणसं एकमेकांच्या खळ्यावर आळीपाळीनं राबायची. कुठं कुठं तर दरवर्षी सुरुवात वेगळ्या घरापासून करायचे, म्हणजे शेवटच्या नंबरचा पाऊस एकाच माणसाच्या डोक्यावर दरवर्षी पडू नये. पद्धत ध्यानात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

दुसरी गोष्ट १९४४ सालची. दुसरं महायुद्ध चालू, पोरं सैन्यात, लोखंडावर रेशन. मॅसी-हॅरिस ह्या कॅनडाच्या कंपनीनं सरकारकडून जादा पाचशे हार्वेस्टर बनवायची परवानगी काढली. २१ नंबरचं, स्वतःच्या इंजिनावर चालणारं मॉडेल. पण अट अशी, की हे मशीन जो घेईल त्यानं त्या हंगामात कमीत कमी दोन हजार एकर कापलं पाहिजे. दोन हजार! स्वतःचं रान कापायला मशीन पाहिजे असणाऱ्यानं ह्या रांगेत उभंच राहायचं नव्हतं. ही मशीनं दक्षिणेला टेक्सासकडून निघाली आणि गहू जसा पिकत जाईल तशी उत्तरेला कॅनडाच्या सीमेपर्यंत गेली. दहा लाख एकरांवर कापणी झाली. 'हार्वेस्ट ब्रिगेड' म्हणून ते गाजलं. तिथं आजही गुत्त्यावर कापणी करणाऱ्या टोळ्या त्याच वाटेनं ट्रकवर मशीन टाकून जातात.

म्हणजे बघा, तिकडं आपल्या कितीतरी पट मोठी शेतं. तरी हार्वेस्टरचं पोट एका शेतावर भरलं नाही. मशीनला पिकाच्या मागं गाव सोडावं लागलं.

रशियाचंही एक सांगतो. आमच्या लहानपणी रशियाची गुळगुळीत कागदाची मासिकं मराठीत यायची, आम्ही वह्या-पुस्तकांना कव्हर घालायचो. त्यात ओळीनं चालणाऱ्या हार्वेस्टरचे फोटो असायचे. तिथं १९२८ च्या सुमारास सरकारनं मशीन-ट्रॅक्टर ठाणी काढली. यंत्रं सरकारची, रान सामुदायिक शेतीचं, आणि भाडं म्हणून सरकार धान्य घ्यायचं. ठाण्याच्या कामाची मोजणी नांगरटीच्या हेक्टरात व्हायची. मग ठाण्यातली माणसं ज्या कामात कमी कष्टात जास्त हेक्टर भरतील ते काम आधी करायची. रानाला काय पाहिजे ते मागं. १९५८ ला ठाणी मोडली आणि यंत्रं सामुदायिक शेतांच्या गळ्यात विकत घातली. घाईनं घ्यावी लागल्यानं कित्येक शेतं कर्जात गेली. हे अर्थातच त्या मासिकात छापून येत नव्हतं.

आता आपल्या गावात या.

आमच्याकडं पहिला हडंबा आला तो मी शाळेत असताना. शेजारच्या गावच्या एका बागायतदाराचा. पोत्यामागं भाडं घ्यायचा. दादांनी १९८६ साली दोन शेजाऱ्यांना बरोबर घेऊन तिघांत एक घेतला, बँकेचं कर्ज काढून. तवा मी दहावी होऊन घरी बसलो होतो, म्हणून त्याचा हिशोब माझ्याकडं आला. ती वही अजून आहे.

वहीत काय दिसतं? पहिली दोन वर्षं चांगली गेली. गावात दोनच हडंबे, लोक रांग लावायचे. तिसऱ्या वर्षी पाच झाले. दर पडला. चौथ्या वर्षी पीकच कमी, त्यामुळं पोती कमी, भाडं कमी, हप्ता तेवढाच. आणि तिघांतल्या एकाचं म्हणणं, "माझं रान जास्त, माझं आधी." दुसऱ्याचं म्हणणं, "दुरुस्ती सगळ्यांनी सारखी का भरायची, त्याच्याकडं जास्त चाललं." पाचव्या वर्षी हडंबा विकला, कर्ज फिटलं, वर फारसं काही उरलं नाही. एक शेजारी दोन वर्षं आमच्याशी बोलला नाही.

ह्यात एक गोष्ट वहीत लिहिलेली नाही. हडंब्यावर पेंढी सारणाऱ्या एका गड्याचा हात कोपरापर्यंत गेला. आमच्या मशीनवर नाही, दुसऱ्याच्या. पण पाहायला आम्ही सगळे होतो. त्या काळात असे हात देशभर जात होते, पंजाब-हरियाणात फार. म्हणूनच १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा दिल्लीत झाला. यंत्र सुरक्षित बनवायची जबाबदारी आणि जखमी माणसाला भरपाई, दोन्ही त्यात आहे. त्या गड्याला मात्र कायदा माहीत नव्हता, मालकाला माहीत नव्हता, आणि आम्हालाही नव्हता. मशीन घेताना हप्ता सगळे मोजतात, हे कोणी मोजत नाही. मालक झालं की तेही आपल्या नावावर येतं.

हडंब्याची एक बाजू मात्र चांगली होती, आणि ती आज हरवली. भाडं पोत्यामागं होतं. म्हणजे दाणा जेवढा पोत्यात पडेल तेवढा मशीनवाल्याचा पैसा. भुसकटात दाणा गेला तर त्याचंही नुकसान. तो स्वतः वाकून भुसकट चाळून बघायचा. हार्वेस्टर आला आणि भाडं एकरी झालं. आता मशीनवाल्याचा पैसा वेगात आहे. गिअर एक वर टाकला की दिवसाला चार एकर जास्त. मागं काय सांडलं ते रानाच्या मालकाचं. सरदारजी वाईट नाहीत हो, मी वीस वर्षं बघतोय, कष्टाळू माणसं. पण मोजमाप ज्याचं धराल, माणूस तेच वाढवतो. रशियातल्या हेक्टराची गोष्ट म्हणूनच सांगितली.

पंजाबात १९८० साली स्वराजनं देशी बनावटीचा, स्वतःच्या इंजिनावर चालणारा हार्वेस्टर बाजारात आणला. पुढं नाभा, भादसों ह्या भागात हार्वेस्टर बनवणारे कारखाने उभे राहिले. तिथल्या शेतकऱ्यानं ते घेतले आणि थोड्याच वर्षांत त्याला कळलं की पंजाबचा गहू तीन आठवड्यांत संपतो आणि हप्ता बारा महिने चालतो. म्हणून तो निघाला. मध्य प्रदेश, गुजरात, महाराष्ट्र. आपल्याकडं गहू लवकर तयार होतो, तो आधी कापायचा आणि बैसाखीपर्यंत परत घरी. टेक्सासवाल्यांनी जे केलं तेच, फक्त दिशा बदलून.

आमच्या लातूर-नांदेडच्या पट्ट्यात हार्वेस्टरला खरं काम दिलं ते सोयाबीननं. १९९४ ला जेएस ३३५ वाण आलं आणि बघता बघता खरिपाचं रान पिवळं झालं. सोयाबीनचा स्वभाव असा, की पिकलं की थांबत नाही. शेंग तडकते. सगळ्या गावाचं एकाच पंधरवड्यात तयार, आणि त्याच वेळेला परतीचा पाऊस. मजूर कुठून पुरणार? रब्बी ज्वारीत मात्र हार्वेस्टर शिरला नाही आणि त्याचं कारण अडाणीपणा नाही. मालदांडीचा कडबा. ज्याच्या दावणीला जनावर आहे तो कडब्याचा चुरा करून रानात सांडू देणार नाही.

२०२० चा मार्च आठवतो? टाळेबंदी लागली तेव्हा गहू-हरभरा रानात उभा होता आणि पंजाबची माणसं घरापासून दीड हजार किलोमीटरवर. २७ मार्चला केंद्राच्या गृहखात्यानं हार्वेस्टरच्या राज्याबाहेर ये-जा करण्याला सूट दिली. तवा पहिल्यांदा मला लख्ख कळलं की माझ्या गव्हाची काढणी कुणा दुसऱ्या राज्यातल्या माणसाच्या प्रवासावर टांगलेली आहे.

आणि २०१९ चा ऑक्टोबर. एका एजंटानं "परवा मशीन येतं" म्हणून सांगितलं. परवा आलं नाही. पलीकडच्या शिवारात साठ एकराचा एकच तुकडा मिळाला, मशीन तिकडं गेलं. माझे सहा एकर उभे. मग पाऊस लागला तो थांबेना. काळ्या रानात चाकाचं मशीन शिरेना. शेंगातल्या शेंगात कोंब आले. एकरी दोन पोती निघाली तीही काळी. पोरगा तवा कॉलेजात होता. "आपलंच मशीन पाहिजे" हे त्याच्या डोक्यात त्या दिवशी बसलं. त्याला मी दोष देत नाही.

आता आजचा हिशोब. आकडे माझ्या गावचे आहेत, तुमचे घालून बघा.

सोयाबीन हातानं कापायचं गुत्तं एकरी चार हजार, वर हडंबा क्विंटलला अडीचशे, आठ क्विंटल धरले तर दोन हजार. झाले सहा हजार. हार्वेस्टर एकरी दोन हजार. म्हणजे हार्वेस्टर लावला की एकरी चार हजार वाचले, चौदा एकरात छप्पन्न हजार. पोरानं हाच आकडा मला दाखवला. पण हा फायदा हार्वेस्टर लावल्याचा आहे, हार्वेस्टर घेतल्याचा नाही. तो तर मला भाड्याच्या मशीनवरही मिळतोच.

घेतल्याचा फायदा वेगळा काढा. दोन हजारातलं डिझेल सात लिटरचं साडेसहाशे, ड्रायव्हर-हेल्पर दोनशे, एजंट शंभर. उरले हजार-साडेदहाशे. मशीन आपलं असलं तर आपल्या चौदा एकरात हे पंधरा हजाराच्या आतबाहेर वाचतील. एवढंच.

त्यासमोर खर्च मांडा. पंचवीस लाखाचं मशीन दहा वर्षांनी पाच लाखाला गेलं तर वर्षाला दोन लाख झीज. गुंतलेला पैसा सरासरी पंधरा लाख, बारा टक्क्यानं एक लाख ऐंशी हजार व्याज. विमा, टायर, पट्टे, दुरुस्ती सव्वा लाखाच्या आसपास. मशीन शेडमध्ये उभं राहिलं तरी वर्षाला पाच लाख. साडेदहाशेनं भागा. पावणेपाचशे एकर. माझ्या रानाच्या चौतीस पट.

सरकारचं अनुदान मिळालं, आठ लाख धरू, तरी साडेतीनशे एकर लागतातच. आणि गावात सोयाबीनचा हंगाम बारा-पंधरा दिवस, त्यातले पावसाचे सोडा. रोज सोळा एकर चाललं तरी गावात दीड-पावणेदोनशे एकर झाले तर खूप. बाकीच्यासाठी गाव सोडावंच लागणार. म्हणजे पोरानं हार्वेस्टर घेतला तर तो शेतकरी राहत नाही, गुत्तेदार होतो. मार्चात मध्य प्रदेश, मग उत्तर, ऑक्टोबरात इकडं. आणि मजा अशी की आमच्या स्वतःच्या सोयाबीनच्या वेळेला मशीन कुठं असेल? जिथं साठ एकराचा तुकडा मिळेल तिथं.

हे मी त्याला वाईट म्हणून सांगत नाही. धंदा म्हणून चांगला असू शकतो. पण तो धंदा आहे, शेतीची सोय नाही. दादांची चूक तिथंच झाली. धंद्याचं यंत्र घेतलं आणि घरच्या सोयीसारखं वापरलं.

भाड्यानं म्हणजे नुसतं मशीन आणायचं, ड्रायव्हर आणि डिझेल आपलं, हा प्रकार ट्रॅक्टर-रोटाव्हेटरला ठीक आहे. हार्वेस्टरला नाही. ड्रमचे फेरे, जाळीची फट, पंख्याचा वारा हे ज्याला कळतं त्याच्याच हातात मशीन चालतं. गटाचं अवजार केंद्र काढून घेता येतं, कंपनीला अनुदानही आहे. पण वर्षभर त्याला पूर्ण वेळ माणूस देणार असाल तरच. आमच्या तालुक्यात एका केंद्राचं मशीन दोन वर्षं ताडपत्रीखाली आहे, कारण अध्यक्ष आणि सचिव एकमेकांशी बोलत नाहीत.

उरलं गुत्तं. बहुतेकांना ते करावंच लागणार. मग ते नीट करू.

सांडलेलं मोजायला शिका. मशीन पुढं गेल्यावर मागं एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखा, भुसकट बाजूला करा आणि दाणे मोजा. मशीन यायच्या आधी तडकून पडलेले उभ्या पिकात तसेच मोजून वजा करा. सोयाबीनचे शंभर दाणे साधारण बारा ग्रॅम भरतात. एकरात चार हजार सत्तेचाळीस चौरस मीटर. म्हणजे चौकोनात शंभर दाणे सापडले तर एकरी अठ्ठेचाळीस किलो मागं राहिलं. बेचाळीसशे भाव धरा, दोन हजार रुपये. जेवढं भाडं दिलं तेवढंच पुन्हा मातीत. तीनशे रुपये स्वस्त मशीन कुठं आहे म्हणून आपण चार गावं फोन लावतो, आणि हे कोणी मोजत नाही. पहिल्या दोन तासांत मोजा, ड्रायव्हरला दाखवा. दाखवलं की ऐकतात, वेग कमी करतात.

बियाण्याचा प्लॉट मात्र हार्वेस्टरला देऊ नका. सोयाबीनच्या दाण्याचं टरफल नाजूक, मार बसला की उगवण जाते. तो हातानं कापून हडंब्यावर फेरे चारशेच्या आसपास ठेवून काढा. कापणीला उंच शेंगा धरणारं वाण बघा. पुण्याच्या आघारकर संस्थेचं एमएसीएस १४०७ आहे, खालची शेंग जमिनीपासून सात सेंटीमीटरवर येते. हरभऱ्यात राहुरीचं फुले विक्रम उभट वाढतं. रान सपाट नसलं, गोटे असले तर वाण काही करू शकत नाही, पातं वर धरावं लागतं आणि खालच्या शेंगा राहतात.

मजुरांचं बोललो नाही तर हे अर्धवट राहील. इंग्लंडात १८३० साली शेतमजुरांनी मळणी यंत्रं फोडली. केंट परगण्यातून सुरू झालं आणि दक्षिणेत सगळीकडं पसरलं. एकोणीस जणांना फाशी झाली, पाचशेच्या आसपास माणसं ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर पाठवली. त्यांचा राग लोखंडावर नव्हता. हिवाळ्यात दुसरं काम नसायचं, मळणी हीच तेव्हाची भाकरी होती. आमच्या गावात कोणी यंत्र फोडलं नाही. पण सोयाबीन कापायच्या दहा-बारा बायकांच्या टोळ्या होत्या, त्या पंधरा दिवसांच्या गुत्त्यावर त्यांची दिवाळी व्हायची. आज दोन टोळ्या उरल्यात. "मजूर मिळत नाही" असं आपण म्हणतो ते खरं आहे. हार्वेस्टर आल्यावर काम मिळेना म्हणून त्या पुण्याला गेल्या, हेही तेवढंच खरं आहे. माझा बियाण्याचा दीड एकर दरवर्षी एकाच टोळीला देतो. चार पैसे जास्त जातात. जाऊ द्या.

शेवटी आमच्या घरात काय ठरलं ते सांगतो.

आम्ही नऊ जणांनी एकत्र बसून शिवाराचा नकाशा काढला. बांधाला बांध लागून शहाण्णव एकर सोयाबीन निघालं. एकट्याच्या सहा एकराला कोणी विचारत नाही, शहाण्णव एकराच्या तुकड्याला सरदारजी स्वतः फोन करतो. तीन वर्षांपासून येणाऱ्या एका ऑपरेटरशी आताच बोलणं केलं, एजंट मधी नाही. त्याचे एकरी शंभर वाचले, त्यातले पन्नास आम्हाला. इसार दिला. कागदावर तीन गोष्टी लिहिल्या: कोणत्या तारखेच्या आत मशीन आमच्या शिवारात पाहिजे, चौकोनात पन्नासच्या वर दाणे सापडले तर वेग कमी करायचा, आणि पाऊस झाला तर दुसरीकडं न जाता दोन दिवस थांबायचं, त्या दोन दिवसांचा खुराक आमच्याकडं. कुणाचं आधी काढायचं त्याच्या चिठ्ठ्या टाकल्या. पुढच्या वर्षी जो शेवटी आहे तो पहिला. माझी चिठ्ठी सातवी निघाली. नऊ जणांची पेरणी एकाच आठवड्यातली असली तरी वाणं वेगळी आहेत, म्हणून दोन-तीन दिवस पुढं-मागं करायची मुभा ठेवलीय. त्यावरून भांडण होणार हे मला आत्ताच दिसतंय.

पोराला मी नाही म्हटलं नाही. त्याला म्हणालो, एक हंगाम त्याच मशीनवर हेल्पर म्हणून जा. पट्टा कसा बदलतात, रात्री दोन वाजता बेअरिंग गेलं तर कुठं मिळतं, पावसात चार दिवस बसून राहिलं तर खिशातून किती जातं, एजंट पैसे कसे बुडवतो, हे बघून ये. रोज वही लिही. पुढच्या पोळ्याला ती वही आणि दादांची वही शेजारी शेजारी ठेवू आणि मग बँकेत जायचं का नाही ते ठरवू.

ऑपरेटर हो म्हणालाय. मशीन आधी मध्य प्रदेशात लागणार आहे, पोरगा १५ तारखेला इंदूरच्या गाडीत बसतोय. त्याची आई दोन दिवस माझ्याशी बोलत नाही.

तुमच्या गावचे दर खाली लिहा. एकरी किती, आणि कोणी मागचे दाणे मोजले असतील तर चौकोनात किती निघाले तेही.